“बाबा नको, आईच हवी!”

“मुलगी दिवसभर वाट बघते म्हणतात, पण मी घरी आलो की आईलाच चिकटते. माझ्याशी खेळतच नाही.” पुण्याजवळच्या हिंजवडीहून रात्री आठला घर गाठणाऱ्या बाबांकडून हे मी पालकांच्या समुपदेशनात सतत ऐकते. त्यांचा अंदाज ठरलेला असतो: वेळ कमी पडतो. पडतोच. पण मी आधी विचारते, जो मिळतो त्यात काय होतं?

वाकडचं एक जोडपं, मुलगी साडेतीन वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“खेळायला बसल्यावर पहिलं वाक्य काय असतं तुमचं?”

“हा रंग कोणता? ठोकळे किती?”

“मग?”

“एक-दोनदा सांगते. मग उठून जाते.”

“तिला काय खेळायचं असतं?”

ते थांबले. “विचारलंच नाही कधी.”

रुडॉल्फ शाफर आणि पेगी इमर्सन या संशोधकांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ६० बाळांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. बाळाला लळा कोणाचा लागतो, हे सहवासाच्या तासांपेक्षा त्याच्या इशाऱ्यांना कोण प्रतिसाद देतं यावर अधिक अवलंबून दिसलं. दीड वर्षापर्यंत बहुतेकांना वडिलांचाही लळा लागला होता. माझ्या कामाचा पाया हाच आहे.

वाकडच्या त्या बाबांना रोजची १५ मिनिटं ठरवून दिली. मोबाइल दुसऱ्या खोलीत. सोफ्यावर नाही, जमिनीवर बसायचं. खेळ ती निवडेल. प्रश्न नाहीत, शिकवणं नाही, वाकडा मनोरा सरळ करणं नाही. ती करते ते फक्त बोलून दाखवायचं: “लाल ठोकळा वर ठेवलास.” संपायच्या दोन मिनिटं आधी कल्पना द्यायची, नाहीतर शेवट रडण्यात होतो.

तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, “डॉक्टर-डॉक्टर खेळते. मला झोपवते, सुई टोचते, ‘आता रड’ म्हणते. तेच तेच, चार-चार वेळा. कंटाळा येतो हो!”

“तिला सुई कधी टोचली होती?”

“गेल्या महिन्यात, तापात रक्त तपासलं तेव्हा.” मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, “हात मीच घट्ट धरले होते तिचे.”

त्या दिवशी तिचं काही चाललं नव्हतं. आता सुई तिच्या हातात होती आणि रडायची पाळी बाबांची. लहान मूल भीती अशी खेळून खेळून पचवतं, म्हणून पुनरावृत्ती तोडायची नसते. आणि या खेळासाठी तिने बाबांनाच निवडलं होतं! हे उमगल्यावर त्यांचा कंटाळा गेला. असे क्षण पाहिले की या कामाचं समाधान वाटतं.

दंगामस्तीही जरूर करा, बाबांची ती खास जागा असते. मात्र झोपेच्या अर्धा-पाऊण तास आधी थांबवा. गुदगुल्यांत मूल हसत असलं तरी “नको” म्हणताच हात काढा. मनगट धरून गरगर फिरवू नका, झटका देऊन ओढू नका; पाच वर्षांखालच्या मुलांचं कोपराचं हाड त्याने सहज सरकतं. उचलायचं तर काखेत हात घालून.

आईने या १५ मिनिटांत दुसऱ्या खोलीत जावं. “तसं नको, तिला असं आवडतं” अशी सूचना दारातून आली की बाबा माघार घेतात. सुरुवातीला मूल आईला हाका मारेल. तेव्हा आईने “मी इथेच आहे” एवढंच म्हणावं, आणि बाबांनी उठू नये.