‘लॉक अँड डॅम’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरच्या प्रवासवर्णनाचा अनुवाद करताना ‘लॉक अँड डॅम’साठी (म्हणजे नदीतला अडसर आणि बोटींना त्याच्या वर-खाली नेणारा हौद) ‘जलपाश व धरण’ चालेल का, असा प्रश्न आहे. माझं मत उलटं पडेल: ‘लॉक’ तसाच ठेवा, ‘धरण’ बदला.

धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोयना, जायकवाडी येतं. पाणी साठवायचं आणि पुढे शेतीला, विजेला वापरायचं. मिनियापोलिस ते सेंट लुईस या पट्ट्यातले मिसिसिपीवरचे अडसर, बहुतेक १९३०च्या दशकातले, तसे नाहीत. मालवाहू बार्जना नदीत किमान ९ फूट खोली मिळावी एवढ्यापुरतंच ते पाणी तुंबवतात. पूर आला की दरवाजे पाण्याबाहेर उचलून नदी मोकळी सोडायची. आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्याआधी काढून ठेवतात, त्यातला विचार हाच. म्हणून ‘बंधारा’. ठळक अपवाद याच पट्ट्यातल्या किओकक गावचा, तिथे १९१३ पासून वीजनिर्मिती होते आणि वरच्या व खालच्या पाण्याच्या पातळीत सुमारे ३८ फुटांचा फरक आहे. त्याला खुशाल धरण म्हणा.

बंधाऱ्यामागच्या पाण्याला तिकडे ‘पूल’ म्हणतात, आणि त्यांना क्रमांक असतात. तो शब्द तसाच उतरवलात तर वाचक नदीवर पूल शोधत बसेल! ‘फुगवटा’ हा आपला शब्द तिथे चपखल बसतो. अडसरांवरच्या ‘टेंटर गेट’लाही आपला शब्द आहे. कोयनेच्या बातम्यांमुळे ‘वक्र दरवाजे’ घरोघरी माहीत आहेत.

आता लॉक. ‘पाश’ म्हटलं की फास, अडकवणं. इथे तर बोटीची वाट सोपी होते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला लांबट काँक्रीटचा हौद. बोट खालून आत आली की मागचे दरवाजे मिटतात, भिंतींतल्या भुयारांच्या झडपा उघडतात आणि वरच्या फुगवट्यातलं पाणी आपसूक आत येतं. पंप लागत नाही. दरवाज्यांची जोडी वरच्या पाण्याकडे टोक करून मिटते, त्यामुळे पाण्याचा रेटाच त्यांना घट्ट दाबून धरतो. आपल्याकडे पश्चिम बंगालमध्ये फराक्क्याला गंगेच्या जलमार्गावरही लॉक आहे, आणि जलमार्गाच्या बातम्यांत ‘नेव्हिगेशन लॉक’च म्हणतात. पहिल्या उल्लेखात एका वाक्यात खुलासा केलात की पुरे.

‘लॉक थ्रू’ या क्रियापदासाठी मात्र नवं काही घडवू नका. बोट लॉकमधून चढते किंवा उतरते. तुमच्या मजकुरात ‘डबल लॉकेज’ही येईल. तिकडचा नेहमीचा काफिला १५ बार्जचा, तीन-तीनच्या पाच रांगा. जुने लॉक ६०० फूट लांब, त्यात तो मावत नाही. मग आधी नऊ बार्ज सुटे करून पुढे काढतात, नंतर उरलेले सहा ढकलबोटीसह. याला ‘दोन खेपांत चढवणं’ किंवा ‘उतरवणं’ म्हणा.