सोलापुरात राहतो, घरात मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलतात. मुलीला फुलावरून कोणतं नाव ठेवावं?

मल्लिका ठेवा. मल्लिका म्हणजे मोगरा. कानडीत मल्लिगे, तेलुगूत मल्ले, त्यामुळे तिन्हीकडच्या आज्यांना नाव आपलंच वाटेल. लहान हवं असेल तर जाई. त्या दोन्ही भाषांत ती जाजी. प्राजक्ता गोड आहे, पण आता फार झाल्यात. अबोली मला आवडतं, फक्त पोरगी बडबडी निघाली तर जन्मभर चिडवतील! केतकी मनात असेल तर मात्र आधी घरातल्या मोठ्यांना विचारा. शिवपुराणातल्या कथेमुळे शंकराला केतकी वाहत नाहीत, आणि सिद्धेश्वरांच्या गावात, त्यातून लिंगायत घर असेल तर, कुणाला ते खटकू शकतं. ठरायला वेळ लागला तरी चालेल: जन्मनोंदीत नाव घालायला पहिले 12 महिने शुल्क नाही.