परदेशी भागधारक, देशी कंपनी आणि निवडणुकीचा खर्च

प्रश्न : अमेरिकेत परदेशी नागरिकाला उमेदवाराच्या प्रचारासाठी एक डॉलरही खर्च करता येत नाही, असे वाचले होते. मग ज्या कंपन्यांची मालकी अंशतः किंवा पूर्णपणे परदेशी आहे, त्या तिथल्या निवडणुकांत पैसा कशा ओततात? आणि हे थांबवण्यासाठी काही शहरांनी व राज्यांनी केलेले कायदे न्यायालयात का अडकतात?
– एक वाचक

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे आणि ही बंदी फार कडक आहे. न्यूयॉर्कमध्ये तात्पुरत्या परवान्यावर काम करणाऱ्या एका कॅनेडियन वकिलाला बराक ओबामा यांच्या फेरनिवडीला पाठिंबा देणारी पत्रके स्वखर्चाने छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. त्यासाठी तो न्यायालयात गेला. २०११ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्याची मागणी फेटाळली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. देशाचा कारभार कोणी करावा हे ठरवण्याच्या प्रक्रियेतून परक्या नागरिकांना दूर ठेवण्याचा अधिकार सरकारला आहे, हे त्या निकालामागचे तत्त्व होते. निकालपत्र लिहिणारे न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ आज स्वतः सर्वोच्च न्यायालयात आहेत. ज्यांना ग्रीन कार्ड मिळाले आहे त्यांना मात्र ही बंदी लागू नाही.

कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासाठी २०१० मधल्या ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्याकडे जावे लागते. त्या वर्षी २१ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने ठरवले, की उमेदवाराशी संगनमत न करता कंपनीने प्रचारावर केलेला खर्च हे राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने संरक्षण दिलेले भाषण आहे आणि त्यावर सरकारला बंदी घालता येणार नाही. त्यानंतर आठवड्याभरातच तत्कालीन अध्यक्ष ओबामा यांनी अमेरिकी संसदेसमोरील भाषणात, या निकालामुळे परदेशी कंपन्यांनाही अमेरिकी निवडणुकांत अमर्याद खर्च करण्याची वाट मोकळी होईल, अशी भीती बोलून दाखवली. समोर बसलेल्या न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी मान हलवून ‘हे खरे नाही’ असे ओठांनी पुटपुटले. खरे तर न्यायालयाने परदेशी प्रभावाचा प्रश्न मुद्दामच निकालाबाहेर ठेवला होता. मात्र त्याचा उल्लेख करताना, परदेशात स्थापन झालेल्या किंवा ‘प्रामुख्याने’ परदेशी भागधारकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपन्या, असा शब्दप्रयोग निकालपत्रात आला. हा ‘प्रामुख्याने’ शब्द आपण लक्षात ठेवावा. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो.

केंद्रीय कायद्यानुसार कंपनी परदेशी ठरते ती तिची नोंदणी किंवा मुख्य कारभार परदेशात असेल तर. अमेरिकेत नोंदवलेली आणि तिथेच कारभार करणारी उपकंपनी, तिचे सगळेच्या सगळे शेअर परदेशातील मूळ कंपनीकडे असले तरी, देशी मानली जाते. फेडरल इलेक्शन कमिशन या निवडणूक आयोगाच्या अटी एवढ्याच आहेत, की पैसा अमेरिकेतल्या व्यवसायातून कमावलेला असावा आणि तो कुठे द्यायचा या निर्णयात परदेशी नागरिकाने भाग घेऊ नये. ही दुसरी अट मोडल्याचे एक प्रकरण सिद्धही झाले. कॅलिफोर्नियात नोंदवलेल्या, पण चिनी नागरिकांच्या मालकीच्या एका कंपनीने २०१६ च्या निवडणुकीत अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या जेब बुश यांच्या बाजूने खर्च करणाऱ्या सुपर पॅकला (उमेदवाराशी संगनमत न करता अमर्याद प्रचारखर्च करणाऱ्या गटाला) १३ लाख डॉलर दिले होते. त्या निर्णयात परदेशी नागरिक सहभागी होते, हे स्पष्ट झाल्यावर २०१९ मध्ये कंपनीला ५ लाख ५० हजार आणि सुपर पॅकला ३ लाख ९० हजार डॉलर दंड झाला. त्याच कंपनीत तोच निर्णय अमेरिकी अधिकाऱ्यांनी तिथल्याच कमाईतून आणि मालकांशी चकार शब्द न बोलता घेतला असता, तर तो कायदेशीर ठरला असता. मला हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष वाटतो. कंपनीच्या अधिकाऱ्याला मालकाची इच्छा कोणी तोंडाने सांगावी लागत नाही, कारण मालकाचे हित पाहणे हीच त्याची नोकरी असते. एका माणसाला चार पत्रके वाटायला मनाई करायची आणि त्याच्याच देशातल्या मालकाच्या कंपनीला मात्र कागदोपत्री अटींवर सोडून द्यायचे, यात मला न्याय दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी सिअ‍ॅटल शहराने जानेवारी २०२० मध्ये नियम केला, की एका परदेशी मालकाकडे १ टक्का किंवा सगळ्या परदेशी मालकांकडे मिळून ५ टक्के भाग असलेल्या कंपनीने शहराच्या निवडणुकीत पैसा घालू नये. आदल्याच वर्षी अ‍ॅमेझॉनने तिथल्या नगर परिषदेच्या निवडणुकीत सुमारे १५ लाख डॉलर खर्च केले होते, ही त्याची पार्श्वभूमी. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. १ टक्का शेअर असलेल्या भागधारकाला अमेरिकी नियमांनुसार अनेक वर्षे कंपनीच्या सभेपुढे ठराव ठेवता येत असे, आणि ५ टक्क्यांची पातळी ओलांडणाऱ्याला आजही आपली मालकी जाहीर करावी लागते. म्हणजे या पातळीवर भागधारकाचे म्हणणे व्यवस्थापनाच्या कानावर जाते, हे भांडवल बाजाराच्या नियमांनीच मान्य केले होते.

मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये याच मर्यादा स्वीकारल्या, परंतु डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीला अंतरिम मनाई केली. न्यायालयाची अडचण अशी होती, की ५ टक्के परदेशी मालकीमुळे उरलेल्या ९५ टक्के देशी भागधारकांच्या कंपनीचा आवाज बंद होतो, आणि ‘प्रामुख्याने’ परदेशी या वर्णनात अशी कंपनी बसत नाही.

मेन राज्याचा अनुभव अधिक बोलका आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या सरकारी मालकीच्या हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीने राज्यातून जाणाऱ्या वीजवाहिनीवरील २०२१ च्या जनमत कौलात २ कोटी डॉलरपेक्षा अधिक खर्च केला. मतदारांनी वाहिनी तर नाकारलीच, शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ८६ टक्के मतांनी, ५ टक्के किंवा अधिक परदेशी सरकारी मालकी असलेल्या संस्थांना राज्यातील निवडणुकांत खर्च करण्यास बंदी केली. परंतु २०२४ मध्ये त्यालाही न्यायालयाची मनाई झाली आणि २०२५ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथल्या सेंट्रल मेन पॉवरचे उदाहरण पाहा. ही अव्हांग्रिड या अमेरिकी कंपनीची उपकंपनी, अव्हांग्रिडचे त्या वेळी ८१.५ टक्के भाग स्पेनच्या इबरड्रोलाकडे, आणि इबरड्रोलात कतारच्या सरकारी निधीचे ८ टक्क्यांहून अधिक. अशा साखळीतून मेनमधल्या वीज कंपनीला कतार सरकारच्या प्रभावाखालची म्हणावे का, हा न्यायालयाचा आक्षेप उथळ नाही. परंतु हायड्रो-क्वेबेकच्या बाबतीत अशी कोणतीही गुंतागुंत नाही. तिथे मालक थेट दुसऱ्या देशातले सरकार आहे. या दोन टोकांना एकाच ५ टक्क्यांच्या दोरीने बांधणे ही कायद्याची चूक झाली, असे मला वाटते. जिथे निम्म्याहून अधिक मालकी परदेशी आहे, किंवा परदेशी सरकारचे प्रत्यक्ष नियंत्रण आहे, तिथे कोणी सूचना दिली याचा पुरावा न मागता सरसकट बंदी असावी. २०१० च्या निकालाने ही वाट बंद केलेली नाही.

प्रश्न : हायड्रो-क्वेबेक जर पूर्णपणे परदेशी होती, तर केंद्रीय बंदीने तिला का रोखले नाही?
– दुसरे एक वाचक

उत्तर : कारण त्या बंदीच्या कक्षेत उमेदवारांच्या निवडणुका येतात, एखाद्या प्रस्तावावर मतदार थेट कौल देतात ते मतदान येत नाही. मोंटाना राज्यातील २०१८ च्या एका प्रस्तावावर परदेशी खाण कंपनीने केलेल्या खर्चाबाबत तक्रार आली, तेव्हा २०२१ मध्ये आयोगाने हाच अर्थ लावला. त्यामुळे ही फट बुजवण्याचे काम राज्यांवर आले आहे. ओहायोने २०२४ मध्ये तसा कायदा केला, पण त्यात ग्रीन कार्डधारकांनाही गोवले. वर्षानुवर्षे तिथे राहून कर भरणाऱ्या या माणसांना केंद्रीय कायदासुद्धा उमेदवारांच्या प्रचारासाठी देणगी देऊ देतो, म्हणून त्या कलमावर लगेच दावा दाखल झाला.