सातवीतल्या हुशार मुलाला सुट्टीत कुठे पाठवावं?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा सातवीत, मराठी माध्यम, वर्गात कंटाळतो, पुढच्या इयत्तेची पुस्तकं आत्ताच वाचून बसलाय. एका ऑनलाइन परीक्षेनंतर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गाचं ‘निमंत्रण’ आलंय आणि विमानासकट खर्च सात लाखांच्या घरात जातोय. घरचे म्हणतात, त्यापेक्षा इथंच फाउंडेशनचा, म्हणजे पुढच्या प्रवेशपरीक्षांची आतापासून तयारी करून घेणारा, क्लास लावा. शिवाय धाकटी पाचवीत आहे, तिचंही पुढे बघायचंय.

मी तुमच्या जागी असते तर सात लाख घातले नसते. पण ‘हे सगळे धंदे असतात’ असंही म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. तिकडच्या या वर्गांमागे एक चांगली कल्पना आहे आणि ती फुकटात उचलता येते.

1971 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅनली यांनी गणितात असामान्य असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. सातवीच्या पेपरात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडणारी दोन मुलं सारखी दिसतात, कारण पेपरच तिथं संपतो. त्यातल्या एकाला नववीचं जमत असेल, दुसऱ्याला बारावीचं, पण ते कळायला मार्गच नाही. म्हणून त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली. 1979 मध्ये त्याच विद्यापीठात अशा मुलांसाठी केंद्र निघालं, आणि वर्षभराचा विषय उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांत शिकवायची पद्धत रुळली. तर दादा, परदेशी परीक्षेची फी भरण्याआधी एका रविवारी मुलाला नववीचा गणिताचा पेपर द्या. घड्याळ लावू नका, मदत करू नका. किती मार्क पडले यापेक्षा न शिकवलेल्या गणितावर तो किती वेळ टिकतो ते बघा. मी पंचवीस वर्षं गणित शिकवलं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चमकणारी पुष्कळ मुलं अशा पेपरवर दहा मिनिटांत ‘हे आम्हाला नाही’ म्हणून उठतात. त्यांची चूक नाही, त्यांना सरावच वेगळा झालेला असतो.

‘निमंत्रण’ या शब्दाबद्दल एवढंच, की निमंत्रण म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. लग्नाची पत्रिका आली तरी आहेर आपणच न्यायचा असतो, तसंच ते.

आता आमची फजिती सांगते. लेक सहावीत असताना मी तिला एका मोठ्या शहरातल्या दहा दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवलं. प्रवेशपरीक्षा होती, पण जो बसला तो पास. (हे मला नंतर कळलं.) अडतीस हजार रुपये गेले. परत आली ती रोबो घेऊन. त्याचे भाग आधीच जोडलेले होते, हिनं चार स्क्रू पिळले होते. प्रशस्तिपत्र मात्र झकास होतं, सोनेरी कडांचं. महिनाभर ते दिवाणखान्यात होतं, मग मीच काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात पैसेही नव्हते आणि हिंमतही. पण सोलापूरच्या उन्हाचा एक फायदा आहे, तो ऐका. आपण साधारण 17.7 उत्तर अक्षांशावर आहोत. त्यामुळे मेच्या 10-11 तारखेच्या सुमारास दुपारी 12 वाजून 20-25 मिनिटांनी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुणे आपल्या थोडं उत्तरेला, म्हणून तिथं हाच दिवस तीन-चार दिवसांनी येतो. आम्ही गच्चीवर ओलं पोतं टाकलं (पाय भाजतात हो, आणि नळाला पाणी येण्याचा दिवस नव्हता, तेव्हा तेही जपूनच), एक मीटर पाइप ओळंब्यानं सरळ उभा केला. तिकडे पुण्यात मावशीनं तसाच पाइप लावला. आपली सावली शून्य झाली, आणि आठेक मिनिटांनी पुण्याची मध्यान्ह झाली तेव्हा मावशीची सगळ्यात आखूड सावली 1.3 सेंटीमीटर भरली. एक मीटर पाइपाला एवढी सावली म्हणजे सूर्य डोक्यापासून सुमारे पाऊण अंश कललेला. सोलापूर-पुण्याचं दक्षिणोत्तर अंतर नकाशावरून सुमारे 95 किलोमीटर धरलं, आणि पाऊण अंशाला 95 तर 360 अंशांना किती, असं करून लेकीनं पृथ्वीचा परीघ काढला. आला 46 हजार किलोमीटर. खरा सुमारे 40 हजार. मग चूक कुठे झाली यावर जून उजाडला. मावशीवर आळ आला, पाइपावर आला. शेवटी लेकीलाच कळलं की सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीची कड मुळातच पुसट असते आणि दोन-तीन मिलीमीटर इकडेतिकडे होणारच. त्या दोन मिलीमीटरनी तिला जे शिकवलं ते अडतीस हजारांनी नाही शिकवलं.

मग घरीच ठेवावं का? नाही. घरी एक गोष्ट मिळत नाही, ती म्हणजे आपल्यासारखीच दुसरी मुलं. सातवीच्या सुट्टीत ती पुण्याला गणिताच्या एका छोट्या शिबिराला गेली. पहिल्या रात्री फोनवर रडली, ‘आई, इथं सगळ्यांनाच येतं.’ शाळेत पहिली येणाऱ्या मुलीला हा धक्का केव्हातरी बसणारच असतो. तो अकरावीत बसण्यापेक्षा बाराव्या वर्षी बसलेला बरा, असं माझं मत. त्यांना एक कोडं दिलं होतं. बुद्धिबळाच्या पटाचे तिरके समोरासमोरचे दोन कोपरे कापले, तर उरलेली 62 घरं दोन-दोन घरांच्या पट्ट्यांनी झाकता येतील का? दोन दिवस कुणी उत्तर सांगितलं नाही. मुलं कागद कापत बसली. मग एकाच्या लक्षात आलं की समोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणजे उरली एका रंगाची 30 आणि दुसऱ्याची 32, आणि प्रत्येक पट्टी दोन्ही रंगांचं एकेक घर खाते. जमणारच नाही! तिसऱ्या रात्री मी फोन केला तर म्हणाली, ‘आत्ता नको गं, आमचं चाललंय.’ तेव्हा मला झोप लागली.

म्हणून कुठल्याही शिबिराला फोन केलात की सुविधांचं विचारू नका. चौथ्या दिवशी दुपारी तीन वाजता मुलं काय करत असतील, एवढंच विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवा. प्रवेशपरीक्षेत किती मुलं नाकारली हेही विचारा. राहण्याच्या जागी रात्री मोठं माणूस कोण असतं, हे तर विचाराच, त्यात संकोच कसला.

नावं हवीत तर ऐका. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची गणित प्रज्ञाशोध स्पर्धा पाचवी-सहावीच्या मुलांसाठी असते. तुमच्या मुलाची वेळ गेली, धाकटीची आत्ताच आहे. सहावीत गेली की तिला डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धाही देता येईल. ती सहावी आणि नववीसाठी असते, लेखीनंतर प्रयोग, मग प्रकल्प आणि मुलाखत. लेखीचे क्लास निघालेत, पण खरी मजा पुढच्या टप्प्यांत आहे. ज्ञान प्रबोधिनीचं काम 1962 पासून हुशार मुलांच्या शिक्षणातच आहे आणि सोलापुरातही त्यांचं केंद्र आहे. तिथं प्रत्यक्ष जाऊन बोला, फोनवर समजत नाही. आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, तिचा उन्हाळी उपक्रम पुण्यातल्या शाळांसाठी असतो, तेव्हा त्याची आशा धरू नका. पण 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आयुका सगळ्यांना खुलं असतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरा, संध्याकाळी परत. केगावजवळचं आपलं विज्ञान केंद्र एकदा सहलीत बघून झालं म्हणून सोडू नका. एकट्यानं, निवांत, हातात वही घेऊन जाण्यात फरक आहे.

मुलगा आठवीत गेला की गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, देता येते. आणि नववीसाठी इस्रोचं ‘युविका’ आहे, 2019 पासूनचं. दोन आठवडे, निवासी, राहणं-जेवण-प्रवास सगळं इस्रोकडून. निवडीत आठवीचे मार्क मोजतात, आणि ग्रामीण शाळेतल्या मुलांना जादा गुण असतात, हे मोहोळ-बार्शी-अक्कलकोटकडच्या पालकांनी नीट वाचून ठेवा. उन्हाळी शिबिरांचे बहुतेक अर्ज जानेवारी ते मार्चमध्ये सुटतात. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठली की चौकशीला लागायचं, हा माझा हिशेब.

फाउंडेशन क्लासबद्दल घरच्यांशी भांडू नका, पण तो या प्रश्नाचं उत्तर नाही. कंटाळलेल्या मुलाला तेच जेवण जास्त वाढल्यासारखं होतं ते. लावायचाच तर नववीत लावा.

इंग्रजीची काळजी लिहिलीय तुम्ही. पुण्यातली शिबिरं बऱ्यापैकी मराठी-इंग्रजी मिसळून चालतात, आणि गणितातलं इंग्रजी आठवड्यात सरावाचं होतं. लेक गेली तेव्हा तिला ‘डायगोनल’ म्हणजे कर्ण हेही माहीत नव्हतं.

एक मात्र आधी करा. मुलाला विचारा, त्याला जायचंय का. तुमच्या पूर्ण प्रश्नात त्याचं मत कुठं दिसलं नाही, म्हणून म्हटलं.

नववीचे पेपर आणि ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नांची फाइल माझ्याकडे पडून आहे. जुळे सोलापूरकडे येणं झालं तर निरोप टाका, घेऊन जा. मात्र परत करा, भाचा यंदा सहावीत गेलाय.