अडकलेल्या इलेक्ट्रॉनवर पीएचडी करून काय मिळणार?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला क्वासिपिरिऑडिक जालकात, म्हणजे नियमाने मांडलेल्या पण कधीच तंतोतंत पुन्हा न येणाऱ्या रचनेत, इलेक्ट्रॉन जागीच कसे खिळतात यावर संशोधन करायचंय, तुम्हाला तिला डेटा सायन्सला घालायचंय. चार पानांत तिचं म्हणून एकच वाक्य आहे, "इलेक्ट्रॉन अडकतो, बाबा", आणि तेही तुम्ही चेष्टेने लिहिलंय. तिच्या ७१ टक्क्यांची मला काळजी नाही. "आमचं ठरलंय, तुम्ही फक्त तिला पटवा" या ओळीची आहे. ते काम मी घेत नाही.

"धातूत भेसळ असली की अडकणारच, त्यात शोधायचं काय?" असंही तुम्ही विचारता. इलेक्ट्रॉन खड्ड्यात पडून अडकत नाही. तो तरंगासारखा वागतो. अस्ताव्यस्त मांडणीत ठिकठिकाणांहून उलटणारे तरंग एकमेकांत असे मिसळतात की त्याला दूरवर पसरताच येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी हे १९५८ मध्ये मांडलं; १९७७ च्या त्यांच्या नोबेलमागे हे कामही होतं. एका मितीत, म्हणजे एका सरळ ओळीत, तर जराशी अव्यवस्थाही पुरते. पण तुमच्या मुलीच्या विषयात भेसळ नाहीच! प्रत्येक जागेची ऊर्जा नियमाने ठरलेली असते, फक्त नक्षी कधी पुन्हा येत नाही. ओब्री आणि आंद्रे यांनी १९८० मध्ये अशा साखळीचं गणित मांडलं: ऊर्जेच्या चढउताराचा जोर शेजारच्या जागी उडी मारण्याच्या ताकदीच्या दुपटीहून कमी असेल, तर इलेक्ट्रॉनच्या सगळ्या अवस्था पसरलेल्या, दुपट ओलांडली की सगळ्या खिळलेल्या. २००८ मध्ये फ्लोरेन्समध्ये लेसरच्या जालकात अतिथंड पोटॅशियम अणू ठेवून हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं.

पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी. प्रवेशपरीक्षांचं ती माझ्याहून नीट सांगेल. प्राध्यापकाच्या कायम जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे मात्र तिच्यापासून लपवू नका.

तिला एक निरोप द्या. २३३ जागांची साखळी घे, गुणोत्तर १४४/२३३ ठेव (का, ते तिला कळेल), उडीची ताकद १ धर आणि पायथनमध्ये मॅट्रिक्स सोडव. जोर १.५ वरून २.५ पर्यंत नेताना प्रत्येक अवस्था किती जागांवर पसरलीय ते मोज. यात ती रात्र रात्र रमली, तर विषय तिचा आहे. आठवड्यात कंटाळली, तर स्वतःच सांगेल. मॅट्रिक्सशी झालेली ही झटापट तुमच्या डेटा सायन्सलाही चालते.

पुढचं पत्र तिने लिहावं. तुमच्या पत्राला मी उत्तर देणार नाही. आलेख जोडला तर आधी तोच बघेन.