छापील कोश ऑनलाइन आणताना

प्रिय,

जुना छापील कोश ऑनलाइन आणायचं काम तू अंगावर घेतलंस, फार बरं झालं. पण पानं स्कॅन करून वर शोधाची चौकट ठेवली म्हणजे कोश झाला, असं समजू नकोस. छापील कोशात बरंचसं काम वाचकच करायचा. ‘पाण्यात’ अडलं तर तो मनातच ‘पाणी’पर्यंत जायचा. आता तो ‘पाण्यात’ असंच टाइप करेल आणि काही सापडलं नाही तर निघून जाईल. म्हणून प्रत्येक नामाच्या नोंदीला सामान्यरूप, म्हणजे ‘पाणी’चं ‘पाण्या’ असं प्रत्ययाआधीचं रूप, जोड.

१९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या कोशात ‘गांव’, ‘नांव’ असं असेल. मूळ शीर्षशब्दाला हात लावू नकोस, तो पुरावा आहे. ‘गाव’, ‘नाव’ ही रूपं शोधासाठी वेगळ्या रकान्यात ठेव.

सगळ्यात छळणारी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) एकच चिन्ह असू शकतं, किंवा ‘अ’ आणि वरचा चंद्र अशी दोन. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण यंत्राला ती वेगळी, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची प्रक्रियाही, त्यांना एक करत नाही. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तेच, कुणी ‘ऱ’ वापरतं, कुणी ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावतं. शोधण्यापूर्वी नोंद आणि वाचकाने टाइप केलेला शब्द, दोन्ही एकाच साच्यात आण. अनुक्रमही युनिकोडवर सोडू नकोस. तिथे ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो आणि ‘क्ष’ थेट ‘क’मध्ये जाऊन बसतो.

ओसीआर, म्हणजे स्कॅन केलेल्या चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, बारीक टाइपात घ-ध, भ-म, थ-य यांची गल्लत करतं. शक्य असेल तर मजकूर दोघांकडून स्वतंत्रपणे टाइप करून घे आणि जिथे फरक पडेल तिथेच मूळ पान उघड. ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’ हे संक्षेप कागद वाचवण्यासाठी होते, ते आता पूर्ण लिही. नोंदीशेजारी आधीचे-नंतरचे चार-पाच शब्द मात्र दाखव. पान चाळताना नकळत हाती लागणारे शब्द मला फार मोलाचे वाटतात.

एक काळजी शेवटपर्यंत घे. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने २०१२ साली इंग्रजी कोश छापणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये त्यांचा ऑनलाइन कोशही बंद झाला. छापील प्रत निदान कपाटात तरी राहते. तेव्हा दर सुधारणेनंतर सगळ्या नोंदी साध्या मजकूर फायलीत उतरवून, तारीख घालून, किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेव, आणि प्रत्येक नोंदीचा वेबपत्ता एकदा दिला की बदलू नकोस.