घासल्याशिवाय पाय दिसले नसते

तुम्ही विचारलंय, ‘डिबास्टेरियम दुर्गे हे हॉर्सशू क्रॅबच्या (घोड्याच्या नालासारख्या कवचाच्या समुद्री प्राण्याच्या) नात्यातलं दुर्मीळ जीवाश्म अभ्यासासाठी घासून संपवलं म्हणे. हा वेडेपणा नव्हे का?’

नव्हे. मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, क्वालिटी बघतो, त्यामुळे हा प्रश्न मला झोंबला.

एसजी आयर्न म्हणजे ज्यात ग्राफाइट गोल गोळ्यांत असावं लागतं ते ओतीव लोखंड. एकदा त्याच्या एका हीटमधलं (एका वेळी वितळवलेल्या धातूतलं) शेवटी ओतलेलं कास्टिंग मी कापायला घेतलं. शेवटचंच का, तर तोवर ग्राफाइट गोल करणारं मॅग्नेशियम कमी झालेलं असतं. सुपरवायझर मामा धावत आले. “वरून टकाटक दिसालंय की! बरा पीस कापून कशाला खराब करालास?” मी कापला, एमरी पेपरनं घासला, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. ग्राफाइट गोल नव्हतंच, वाकडंतिकडं पसरलेलं. लॉट थांबला, महिनाअखेरचा डिस्पॅच हुकला आणि सावकारांनी, म्हणजे मालकांनी, सगळ्यांदेखत त्या पीसचे पैसे माझ्या पगारातून कापायची भाषा केली. तो लॉट तसाच गेला असता तर गिऱ्हाइकाच्या मशिनात तडकला असता, हे कुणी बोललं नाही. मामा अजून म्हणतात, पीस चांगला होता.

तर जीवाश्माचं. इंग्लंडात हेरफर्डशरला सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत समुद्री जीव गाडले गेले, भोवती चुनखडीच्या गाठी धरल्या. गाठही कॅल्साइटची, आतला प्राणीही कॅल्साइटनं भरलेला, त्यामुळे एक्स-रेला दोघांतला फरक नीट कळत नाही. गाठ फोडली तर नुसता छेद दिसतो. मग मिलीमीटरच्या काही शंभराव्या भागाएवढा थर घासायचा, फोटो काढायचा, परत घासायचं. सगळे फोटो संगणकात रचले की प्राणी पायांसकट उभा राहतो. जीवाश्म अभ्यासक डेरेक ब्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये डिबास्टेरियमचं वर्णन छापलं. पुढच्या पायांना आत-बाहेर अशा दोन-दोन शाखा निघाल्या. आजच्या हॉर्सशू क्रॅबच्या चालायच्या पायांत बाहेरची शाखा जवळपास उरलेलीच नाही. एवढे हातपाय, म्हणून दुर्गादेवीचं नाव. आमच्याकडे एकानं यावरही ‘किड्याला देवीचं नाव?’ म्हणून तोंड वाजवलं. मला तर अभिमान वाटला.

दगड कपाटात जपून ठेवला असता तर हे पाय कुणाला दिसले असते?

हां, एक आहे. नात्याबद्दल नंतर मतं बदललीत, काही जण त्याला खऱ्या हॉर्सशू क्रॅबांच्या बाहेर ठेवतात. आणि जिथं सीटी स्कॅन चालतो तिथं आधी तोच करावा, एकुलता एक नमुना असेल तर जास्तच. आमच्याकडेही ग्राफाइट आता अल्ट्रासॉनिकवर (ध्वनिलहरी सोडून) बऱ्यापैकी कळतं, रोज कापायची गरज नसते. पण शंका आली की कापायचंच, आणि त्याआधी मापं, फोटो, हीट नंबर लिहून साहेबाची सही घ्यायची. सही असली की पगाराला कुणी हात लावत नाही.